लाभ, दोन, तीन

१७ एप्रिल, गुरुवार

आज शाळेत पहिलीत जाणाऱ्या मुलांचा मेळावा होता. सूनबाई रिताला धान्याचं दुकान सोडता येईना, म्हणून नातीला, तेजूला, घेऊन मीच गेले. सगळ्या आया माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांच्यात मी एकटी आजी, तीही नाकावर चष्मा आणि हातात छत्री घेतलेली. कुणीतरी उठून मला खुर्ची दिली.

वर्गात टेबलं मांडली होती. एका ठिकाणी उड्या मारायच्या, एका ठिकाणी रंग भरायचे, एका ठिकाणी खडे मोजायचे. तेजूने उड्या भरपूर मारल्या, मोराला जांभळा रंग दिला. खड्यांपाशी मात्र ती गप्प बसली. नवीन शिक्षिका, रीना मॅडम, फार मऊ बोलतात. त्यांनी दोनदा विचारलं, तिने दोनदा मान खाली घातली. मॅडम मला म्हणाल्या, शाळा उघडायला दोन महिने आहेत, घरी रोज थोडा खेळ घ्या, जूनमध्ये पुन्हा पाहू. दर आठवड्याला त्या मोबाइलवर एक खेळ पाठवणार आणि गल्लीतल्या आयांनी एकत्र बसून तो समजून घ्यायचा. आमच्या गल्लीच्या गटाची प्रमुख कोण होणार, असं विचारलं तेव्हा सगळ्या आपापल्या चपलांकडे पाहू लागल्या. माझा हात कसा वर गेला मलाच कळलं नाही.

घरी येऊन यांना सांगितलं. हे मधल्या खोलीत खाटेवर होते. डोळे माझ्याकडे वळले, ओठाचा डावा कोपरा किंचित हलला. पूर्वीचे असते तर म्हणाले असते, “मास्तरीणबाई, लागली का अखेर नोकरी तुला?”

दिवाळीनंतर धानाच्या ऐन हंगामात यांना लकवा झाला. तेव्हापासून या घरात त्यांचा आवाज नाही. पाय बराच परतला, उजवा हात थोडा. वाचा परतली नाही. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले होते, बोलणं यायचं असेल तर ते पहिल्या काही महिन्यांतच येतं. ते महिने आता संपत आले आहेत. मुलगा कुलदीप किंवा रिता, दोघांसमोर मी हे बोलत नाही. इथे लिहून ठेवते.

२० एप्रिल, रविवार

पहिला खेळ: वेगवेगळ्या वस्तूंची वाटणी. मी परातीत लाखोरीची डाळ, हरभरा, पोपटाच्या शेंगांचे दाणे आणि थोडे शेंगदाणे एकत्र केले आणि तेजूला वेगळे करायला सांगितले. मधल्या खोलीत कूलर आहे म्हणून ती यांच्या खाटेजवळच बसली. काम चोख केलं. शेंगदाण्यांचा ढीग तेवढा शेवटी फार लहान निघाला.

तिच्यानंतर यांचा अभ्यास. भंडाऱ्याच्या दवाखान्यातल्या मुलीने चित्रांचा एक कागद दिला आहे. पाणी, गाय, दिवा, घर. मी चित्रावर बोट ठेवते, म्हणते, “म्हणा, पाणी.” हे तोंड उघडतात, घशातून काहीतरी येतं. मी म्हणते, “नाही, नीट म्हणा. पा-णी.” आणि पेन्सिलीने खाटेच्या पट्टीवर ठोका देते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा अशाच करायच्या. शब्द चुकला की पेन्सिलीची टकटक, रागावणं नाही, हात उगारणं नाही. त्या टकटकीने माझी इंग्रजी सुधारली, मराठीसुद्धा सुधारली. नागपूरचा तो लांब व्हरांडा आठवला की अजूनही मला मेणाचा वास येतो.

आज यांनी दुसऱ्याच शब्दाला तोंड मिटून घेतलं.

२६ एप्रिल, शनिवार

ओट्यावर आयांची बैठक झाली. चहा रिताने दुकानातून येऊन केला. मी वाटणीचा खेळ कसा घ्यायचा ते समजावलं. गल्लीतल्या कौशल्याबाईंची सून म्हणाली, “आमचा पोरगा आधीच वाटणी करते, काकू. जे खात नाही ते एका बाजूले.” सगळ्या हसल्या. एकीने विचारलं, मी इतकी शिकलेली असून नोकरी का नाही केली. मी म्हटलं, लग्न करून अड्याळला आले, मग नवऱ्यालाच शिकवत बसले. हेही खरंच आहे. हे 'मले-तुले' माझ्यासमोर म्हणायचे नाहीत, बाहेर मोकळेपणाने म्हणायचे. लाखांदूरकडचे शेतकरी आले की ओट्यावर यांचा आवाज वेगळाच असायचा, मोठा आणि सैल. मी आतून ऐकत असे.

३ मे, शनिवार

आज एक गंमत झाली. गंमत म्हणावी की काय, कळत नाही.

या आठवड्याचा खेळ मापण्याचा. डब्यात किती वाट्या तांदूळ मावतात ते मुलांनी पाहायचं. तेजूने पहिली वाटी ओतली आणि मोठ्याने म्हणाली, “लाभ.” मग “दोन”, मग “तीन”.

मी थांबवलं. म्हटलं, बाळा, पहिला अंक एक. ती म्हणाली, “माहीत आहे न मले.” पुन्हा सुरुवात केली. पुन्हा “लाभ.” मी वाटीवर चमच्याने टकटक केलं. तिने वाटी खाली ठेवली आणि खेळ संपला.

'लाभ' मला ओळखीचा आहे. लग्न होऊन मी आले ते नेमके सुगीचे दिवस होते. सकाळी उठले तर अंगणात धानाचा ढीग, समोर शेतकरी बसलेले आणि हे पायलीने धान मापत होते. पहिली पायली उचलली की “एक” म्हणायचं नाही, “लाभ” म्हणायचं. तेही स्वर उंच लावून, गाण्याची पहिली ओळ उचलावी तसं. मग दोन, तीन, चार, एका लयीत. मी खिडकीतून पाहत होते. नागपूरहून आलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी, मला हसू आलं. मी नंतर विचारलंही, एक म्हटलं तर काय बिघडतं? हे म्हणाले, ढिगाला सुरुवात एकाने करत नाहीत, बरकतीने करतात. पुढे वर्षानुवर्षं त्या आवाजाने माझी सकाळ व्हायची. घरात कुठेही असले तरी 'लाभ' ऐकू आला की मला वाटायचं, आज सगळं जागच्या जागी आहे.

पण तेजूच्या जन्माआधीच दुकानात इलेक्ट्रिक काटा आला. पायली माळ्यावर गेली. मग हिला हे कुणी शिकवलं?

४ मे, रविवार

सेवकरामला विचारलं. दुकानात हमाली करतो, यांच्याबरोबर म्हातारा झाला. मला वाटलं तोच तेजूला असले जुने शब्द शिकवत असेल. मी रागाने नाही, सहजच म्हटलं की मुलीची शाळा सुरू होते आहे, तिचा गोंधळ होईल.

तो म्हणाला, “मी कायले शिकवू, वहिनीजी? मी त आता काट्यावरचे लाल आकडे वाचतो. लाभ म्हणायले मालकच पायजे.” आणि पोत्याकडे वळून डोळे पुसले.

त्याला चहा दिला. कुणी शिकवलं हे मात्र कळलं नाही. रिताच्या माहेरी कोंढ्याला अजून पायली चालते, तिथूनच आलं असेल.

११ मे, रविवार

ऊन फार. दुपारी सगळं गाव दार लावून बसतं. मी स्वयंपाकघरात पन्ह्यासाठी कैऱ्या उकडत होते. मधल्या खोलीत तेजू आपल्याशीच बडबडत होती. मध्येच एक जाड आवाज आला, वाटलं शेजारचा रेडिओ. मी आत गेले तर तेजू खाटेजवळ बसून कागदाची होडी करत होती. हे डोळे मिटून पडले होते.

कुणाशी बोलत होतीस, विचारलं. म्हणाली, “आबाजीशी.”

मुलं बाहुलीशीही बोलतात. मी लहानपणी वसतिगृहाच्या खांबाशी बोलायचे. तिला म्हटलं, आबाजींना झोपू दे. तिने होडी त्यांच्या डाव्या हातात ठेवली. झोपेतही त्यांनी ती सोडली नाही.

१९ मे, सोमवार

आज हे चित्रांचा कागद पाहताच भिंतीकडे वळले. मी कागद उशीखाली ठेवला आणि म्हटलं, उद्या करू. मी चुकते आहे का? जास्त करायला हवं की कमी? सिस्टर म्हणायच्या, रोज थोडं, पण रोज. मी रोज करते.

२८ मे, बुधवार

कुलदीपने गाडी काढली, भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरांनी यांना नाव विचारलं, गाव विचारलं, बोटं दाखवून किती विचारलं. हे माझ्याकडे पाहत राहिले. एक शब्द नाही. मी मध्येच म्हणाले, “नीट सांगा ना, अड्याळ.” तेव्हा त्यांनी खाली पाहिलं.

डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, चालणं छान सुधारतं आहे, त्याकडेच लक्ष द्या. बोलण्याची फार आशा धरून त्यांना थकवू नका.

परत निघालो. पवनीच्या वळणावर यांनी डाव्या हाताने बाहेर बोट दाखवलं. तळ्यात बगळे होते. मी म्हटलं, हो, बगळे.

घरी तेजू दारातच उभी होती. “आबाजी बोलले का डॉक्टरशी?” मी नाही म्हटलं. ती जराही खट्टू झाली नाही. मला तिचा थोडा राग आला, लिहायला लाज वाटते. लहान आहे, तिला काय कळणार.

८ जून, रविवार

तांदळाचा डबा खाटेच्या डाव्या बाजूला उघडा पडला होता. चादरीवर दाणे, जमिनीवर दाणे, वाटी यांच्या उशीशी. तेजूला रागावले. अन्न सांडायचं नाही, आणि आजारी माणसाच्या अंथरुणावर तर नाहीच. तिने यांच्याकडे पाहून तोंडावर हात ठेवला.

चादर झटकताना दिसलं, यांच्या डाव्या मुठीत तांदूळ होते. मी बोटं उघडून काढून घेतले. हे माझ्याकडे असे पाहत होते की मला क्षणभर कुलदीप लहान असतानाचा चेहरा आठवला, गुळाची ढेप फोडताना सापडला होता तेव्हाचा.

१५ जून, रविवार

तेजू आता चणे सरळ मोजते. एक, दोन, तीन, वीसपर्यंत, न चुकता. रंग येतात, आकार येतात, पोळीचा त्रिकोण करते. पण वाटी हातात आली की तोंडातून 'लाभ'च निघतो. मोजताना एक, मापताना लाभ. मुलं अशी अर्धवट का शिकतात, कळत नाही. मेळाव्यात सगळ्यांसमोर हसं होईल, याची धास्ती वाटते. गटाची प्रमुख मी, आणि माझीच नात.

बैठकीला आज तिघीच आल्या. बाकीच्या धानाच्या रोवणीच्या तयारीत आहेत. कौशल्याबाईंची सून म्हणाली, पोराने गाईचं दूध वाटीने मापलं आणि अर्धं पिऊन टाकलं, हिशेब जमला.

२५ जून, बुधवार

सकाळी मेळावा झाला. तो जसा झाला तसा लिहिते.

खड्यांच्या टेबलावर तेजूने सगळे खडे मोजले. वीसच्या पुढेही गेली. मला इतकं बरं वाटलं की मी छत्री दुसऱ्या हातात घेतली. पुढच्या टेबलावर वाळूची बादली, एक डबा आणि एक वाटी होती. रीना मॅडम म्हणाल्या, डबा किती वाट्यांनी भरतो ते सांग.

तेजूने वाटी भरली, हाताने वरची वाळू सपाट केली आणि स्वर उंच लावून म्हणाली, “लाऽभ.”

मुलं हसली. मी पुढे होऊन टेबलावर बोटाने टकटक केलं. ती थांबली नाही. “दोन. तीन. चार.” डबा भरला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, पहिल्या वाटीला लाभ का म्हटलं. तेजू म्हणाली, “खडे मोजले त एक. वाटीनं मापलं त लाभ. ढिगाले एक नाही म्हणत.”

“कुणी सांगितलं तुला?”

“आबाजीनं.”

मी हळूच मॅडमना म्हटलं, तिचे आजोबा आजारी आहेत, त्यांची वाचा गेली आहे, ती मनानेच काहीतरी सांगते. तेजूने माझ्याकडे वळून पाहिलं. खोटं पाडल्याचा राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, मला साधी गोष्ट समजत नाही याचं नवल होतं.

“बोलते न आबाजी,” ती म्हणाली. “तुह्यासमोर नाही बोलत.”

“काहून?”

“तू टकटक करते.”

मी 'का' नाही, 'काहून' म्हटलं होतं, हे मला घरी येताना रस्त्यात लक्षात आलं.

मॅडमनी तेजूच्या हातावर चांदणीचा शिक्का मारला. मला काय म्हणाल्या ते मी नीट ऐकलं नाही.

आज चित्रांचा कागद काढला नाही. यांना भात भरवला. वरणात तूप जास्त झालं होतं, ते हनुवटीवर ओघळलं, मी पुसलं. पेन्सिल खाटेच्या पट्टीला सुतळीने बांधलेली होती, हाताशी असावी म्हणून. ती सोडून तेजूच्या दप्तरात टाकली.

२७ जून, शुक्रवार

दुपारी स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी वाजवत राहिले. मग मधेच वाजवणं थांबवून भिंतीला टेकून उभी राहिले. ऐकलं. फार नाही, चार-पाच शब्द असतील. आवाज चिखलातून पाय ओढत यावा तसा. तेजू मध्येच हसली, तोही आवाज हसला.

आत गेले नाही. कैरीच्या लोणच्याची बरणी उगाच पुसत बसले. मला त्यांचा आवाज हवा होता आणि तो या भिंतीपलीकडे रोज होता. तेजूचा हेवा वाटला. सहा वर्षांच्या मुलीचा.

२९ जून, रविवार

दुकान बंद. कुलदीप बाहेरगावी. रिता तेजूला घेऊन वह्यापुस्तकं आणायला बाजारात गेली होती. सकाळपासून मनात घोळत होतं, धीर होत नव्हता.

शेवटी तांदळाचा डबा, परात आणि वाटी घेऊन मधल्या खोलीत आले. यांना म्हटलं, स्वयंपाकघरात उकडतं आहे, इथेच बसते. मी खाटेला पाठ लावून खाली बसले, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसणार नाही, मला त्यांचं.

वाटी भरली. हाताने वरून सपाट केली. इतक्या वर्षांत या घरात मी हा शब्द कधी उच्चारला नव्हता. घसा साफ केला आणि म्हटलं, “लाभ.”

माझा स्वर उंच लागला नाही, मधेच फाटला. वाटी परातीत ओतली. दुसरी भरली. ती हातात धरून ठेवली, ओतली नाही, काही म्हटलं नाही. कूलरचं पाणी टपटपत होतं. हात अवघडला तरी वाटी धरून होते.

मागून आवाज आला, “दोन.”

ओला, जाड, अर्धा गिळलेला. पण दोनच. मी वाटी ओतली.

“तीन.” हा स्वच्छ आला. चार मध्ये 'र' नव्हता. पाच 'पास' झाला. माझं बोट आपोआप वाटीच्या काठावर गेलं, ते मी तांदळात खुपसलं. सहाला फार वेळ लागला. मी वाटी भरून थांबले. लाखांदूरचा शेतकरी पुढची पायली कधी पडते याची वाट पाहत बसायचा, तशी. सहा आला. मग सात, मग लय सापडली, जुनीच, डुलत येणारी. मी भरत गेले, हे मापत गेले. परात काठापर्यंत आली तेव्हा डब्याचा तळ दिसला. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडले असते, आणि त्यांना वाटलं असतं की त्यांचं काही चुकलं.

परातीतले तांदूळ डब्यात परत टाकवेनात. तेवढे सगळे धुतले, मोठं पातेलं काढून चुलीवर चढवलं.

संध्याकाळी रिता झाकण उघडून पाहतच राहिली. “आई, कोण येणार आहे जेवायला?”

तेजूने पातेल्यात डोकावलं आणि मान हलवली. “आजीले मापता येत नाही.”

मधल्या खोलीतून यांच्या हसण्याचा आवाज आला. रिताच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. मी पानं घेतली. उद्या सकाळी सगळ्यांना फोडणीचा भात.